तिसऱ्या फेरीत मन माघार घेते. अंगात जोर शिल्लक असताना असे का होते?

प्रश्न : सिडकोकर

नमस्कार. मी नाशिकच्या सिडको भागात राहतो आणि पोलीस शिपाई भरतीची तयारी करत आहे. मैदानी चाचणीतील १६०० मीटर अंतर पाच मिनिटे दहा सेकंदांत किंवा त्याहून कमी वेळात पूर्ण केल्यास २० पैकी २० गुण मिळतात, हे येथील अनेकांना ठाऊक असेलच. माझी वेळ ५ मिनिटे ३२ सेकंदांवर येऊन अडली आहे. सराव मी टाळत नाही. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या जोरकस फेऱ्या, एकदा लांब पल्ल्याची संथ धाव आणि जोडीला जोर-बैठका असा क्रम मी इमानेइतबारे पाळतो. तरीही प्रत्येक चाचणीत नेमक्या एकाच ठिकाणी माझे अवसान गळते.

मागच्या चाचणीत मित्राने घड्याळ धरले होते. चार फेऱ्यांच्या वेळा अनुक्रमे ७२, ८२, ९३ आणि ८५ सेकंद अशा आल्या. तिसऱ्या फेरीचे पहिले वळण संपून मागचा सरळ पट्टा सुरू झाला की 'आता पुरे, हे आपल्याच्याने होणार नाही' हा विचार इतक्या ठामपणे मनात येतो की पाय आपोआप मंदावतात. त्या वेळी पोटऱ्यांत गोळे आलेले नसतात, कुठे दुखत नसते. धाप मात्र जबरदस्त लागलेली असते. धाव संपल्यावर थोड्याच वेळात मी सावरतो आणि मग उरलेली संध्याकाळ हीच रुखरुख लागून राहते की जोर शिल्लक असताना आपण कच खाल्ली.

मैदानावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत. एक जण सांगतो की मन मारून पळायचे, दुसरे काही नाही. दुसरा सांगतो की मन 'थांब' म्हणते तेव्हा शरीराची केवळ चाळीस टक्के ताकद खर्च झालेली असते. आपल्याच जिल्ह्यातील, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांचे उदाहरणही नेहमी दिले जाते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत अंगात ताप असताना ते वल्हवत राहिले, एकेरी शर्यतीत मागे पडले आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या नौकेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ते ऐकले की अंगावर काटा येतो, पण त्यातून मी माझ्या तिसऱ्या फेरीसाठी नेमके काय घ्यावे, ते कळत नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे की ही मर्यादा मनाची आहे की शरीराची, धावत असताना ती ओळखायची कशी, आणि मनाची असेल तर तिच्यावरचा सराव कोणता. दिनक्रमाचे सांगायचे तर सकाळी घरची कामे असतात, दुपारभर अभ्यासिकेत बसून मी अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न सोडवतो आणि तिथूनच थेट संध्याकाळी मैदानावर जातो.

उत्तर : मैदानावरचा

सिडकोकर, तुम्ही फेरीनिहाय वेळा दिल्या हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या चार आकड्यांतच आहे. मी अनेक वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि आता भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो. असा आलेख माझ्यासमोर सतत येत असतो.

सर्वप्रथम शेवटची फेरी पाहा. ती तिसरीपेक्षा आठ सेकंदांनी वेगवान आहे. पाय खरोखरच संपलेले असते, तर आणखी ४०० मीटर थकल्यानंतर ते अधिक वेगाने पडलेच नसते. म्हणजे तिसऱ्या फेरीत तुमच्याजवळ काहीतरी शिल्लक होते आणि शेवट दिसू लागताच ते बाहेर आले. ही केवळ तुमची गोष्ट नाही. एक मैल धावण्याच्या ३२ जागतिक विक्रमांच्या फेऱ्या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा जवळजवळ सर्वच शर्यतींत सर्वांत मंद फेरी दुसरी किंवा तिसरी निघाली. चौथी फेरी सर्वांत मंद असल्याची उदाहरणे अगदी तुरळक होती. जगातले सर्वोत्तम धावपटूही मधल्या टप्प्यात हात राखून धावतात. त्यांच्या आणि तुमच्या धावेतला फरक एवढाच की त्यांची घसरण एखाद-दुसऱ्या सेकंदाची असते आणि तुमची पहिल्या फेरीपासून मोजली तर २१ सेकंदांची आहे.

आता पहिली फेरी पाहा. पाच मिनिटे दहा सेकंदांसाठी प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची हवी. तुम्ही ७२ सेकंदांत सुटता आणि अर्ध्या वाटेवर २ मिनिटे ३४ सेकंदांत पोहोचता, म्हणजे पूर्ण गुण मिळवणाऱ्या उमेदवाराच्याही एक सेकंद पुढे. आज तुमच्या फुप्फुसांची आणि हृदयाची जेवढी तयारी आहे, त्यापेक्षा हा वेग बराच जास्त आहे. प्राणवायूचा पुरवठा वेग घेण्याआधीच स्नायूंचा राखीव साठा उधळला जातो, दुसऱ्या फेरीत श्वास फुलतो आणि तिसऱ्या फेरीत मन 'पुरे' म्हणते. त्या क्षणी मनाला दोष देणे योग्य नाही. त्याने हिशेब बरोबरच केलेला असतो. या वेगाने पुढे जाणे जमणार नाही, एवढेच ते सांगत असते.

म्हणून पुढील काही आठवडे पहिल्या दोन फेऱ्या प्रत्येकी ८० सेकंदांत धावा. अर्ध्या वाटेवर २ मिनिटे ४० सेकंद झाले पाहिजेत, त्याहून कमी नाहीत. पहिल्या फेरीत शेजारचा मुलगा पुढे निघून जाईल, त्याला जाऊ द्या. माझ्या पाहण्यात मनाच्या ताकदीची खरी कसोटी तिथे, पहिल्या दोनशे मीटरमध्ये लागते, कारण अंगात जोर असताना स्वतःला आवरणे हे धाप लागल्यावर स्वतःला रेटण्यापेक्षा मुलांना अवघड जाते. त्यासाठी घड्याळ न पाहता २०० मीटर ४० सेकंदांत धावण्याचा सराव करा. धाव संपली की आधी आपला अंदाज मोठ्याने सांगा आणि मग मित्राला वेळ विचारा. अंदाज एका सेकंदाच्या आत येऊ लागला की वेग अंगात मुरला असे समजावे.

तिसऱ्या फेरीचा वेगळा सरावही असतो. ८०० मीटर २ मिनिटे ४० सेकंदांत धावायचे, एक मिनिट चालायचे आणि मग ४०० मीटर ८० सेकंदांत धावायचे. हे ४०० मीटर म्हणजे तुमची तिसरी फेरी होय. दमलेले शरीर तेच, पण त्यापुढे आणखी एक फेरी आहे हा धाक तेवढा नाही. ते स्थिरपणे जमू लागले की मधली विश्रांती पाऊण मिनिटावर आणा, मग अर्ध्या मिनिटावर. आठवड्यातून एकदाच करा. तुमच्या दोन जोरकस दिवसांपैकी एक यासाठी द्या, तिसरा वाढवू नका.

सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवले. ती शर्यत ४०० मीटरच्या ट्रॅकवर २५ फेऱ्यांची असते. मी मुलांना एवढेच सांगतो की पंचविसांपैकी दहावी-बारावी फेरी कशी असेल, याची कल्पना करून पाहा. तिथे ना सुरुवातीचा उत्साह असतो ना शेवटाची ओढ, आणि तरीही ती फेरी ठरलेल्या वेळातच पूर्ण करावी लागते.

उत्तर : गोदातीर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. व्यायामशास्त्र शिकवत असल्याने 'मन की शरीर' या मूळ प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर गेल्या काही दशकांत खरोखर मोलाचे काम झाले आहे आणि मैदानावर त्याचा विपर्यास होऊन ते पोहोचते.

पूर्वी सरळ समजूत अशी होती की हृदय, फुप्फुसे आणि स्नायू यांची क्षमता संपली की माणूस थांबतो. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी हे चित्र उलटे मांडले. त्यांच्या मते शरीराला इजा होण्याच्या कितीतरी आधी मेंदूच स्नायूंना मिळणारे आदेश कमी करतो आणि थकवा ही त्या नियंत्रणाची आपल्याला होणारी जाणीव असते. शेवटच्या टप्प्यात वेग वाढतो, हा त्यांचा एक मुख्य पुरावा होता. 'मैदानावरचा' सरांनी उल्लेख केलेला विक्रमी मैलांचा अभ्यासही नोक्स यांच्याच गटाचा आहे. इटलीचे सॅम्युएल मार्कोरा यांनी पुढे वेगळी मांडणी केली. माणूस थांबतो तो दोन गोष्टींच्या तुलनेतून, असे ते म्हणतात. हे किती अवघड वाटते आहे आणि त्यासाठी किती झटण्याची माझी तयारी आहे, या दोहोंचे पारडे फिरले की तो थांबण्याचा निर्णय घेतो. 'अवघड वाटणे' हा येथे कळीचा भाग आहे आणि ते वेदनेहून निराळे असते. तुम्हालाही कुठे दुखत नव्हते, तरी पुढे जाणे अशक्य वाटले.

मार्कोरा आणि स्टायानो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्यांनी रग्बी खेळणाऱ्या दहा तरुणांना स्थिर सायकलवर सुमारे २४२ वॅट एवढ्या ताकदीने, अगदी चालवणे अशक्य होईपर्यंत पायडल मारायला लावले. साधारण दहा मिनिटांनी त्यांनी हात टेकले. त्यानंतर लगेच, विश्रांती न देता, पाच सेकंद जीव तोडून पायडल मारायला सांगितले, तेव्हा त्यांनी सरासरी ७३१ वॅट दिले. जी ताकद 'अशक्य' म्हणून त्यांनी सोडून दिली होती, तिच्या तिप्पट ताकद पायांत त्या क्षणी होती.

यातूनच 'माणूस चाळीस टक्क्यांवरच थांबतो' यासारख्या वाक्यांना बळ मिळते, आणि तिथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे. पाच सेकंदांचा झटका आणि दहा मिनिटांचा दमसास यांसाठी शरीर वेगवेगळे इंधनसाठे वापरते. पाच सेकंद तिप्पट ताकद लागली, म्हणून ते तरुण आणखी वीस मिनिटे सायकल चालवू शकले असते असे मुळीच सिद्ध होत नाही, आणि ही हरकत इतर संशोधकांनीही घेतलेली आहे. चाळीस टक्के हा आकडा कोणत्याही मोजमापातून आलेला नाही. थांबण्याच्या क्षणी काहीतरी शिल्लक असते, हे खरे. ते किती असते, हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. ठरावीक टक्केवारी मनात धरून स्वतःला रेटणारा माणूस केव्हातरी दुखापत ओढवून घेतो.

आता तुमच्या दिनक्रमातल्या एका गोष्टीकडे वळतो, कारण माझ्या मते तुमचा सर्वांत सोपा फायदा तिथे दडलेला आहे. तुम्ही दुपारभर गणिते सोडवून थेट मैदानावर जाता. मार्कोरा यांच्याच २००९ च्या अभ्यासात सोळा जणांना एकदा दीड तास एकाग्रतेची किचकट चाचणी दिली आणि दुसऱ्यांदा तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा त्यानंतर थकून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले आणि डोके शिणवल्यावर ६४०. हृदयाची गती, रक्तातील लॅक्टेट अशा शारीरिक मोजमापांत या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो फक्त जाणिवेत; शिणलेल्या डोक्याने तेच काम सुरुवातीपासूनच अधिक अवघड वाटत होते. तुमची तिसरी फेरी अशा शिणलेल्या डोक्याने धावली जाते. जोरकस सरावाच्या दोन दिवशी तरी धाव अभ्यासाच्या आधी ठेवा. घरच्या कामांमुळे सकाळ शक्य नसेल, तर त्या दोन दुपारी गणिताऐवजी चालू घडामोडींचे हलके वाचन करा आणि मैदानावर जाण्यापूर्वी तासभर मोबाईलही बाजूला ठेवा.

आणखी एक साधन सुचवतो. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी श्रेणी तयार केली. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, १३ म्हणजे काहीसे कठीण, १७ म्हणजे खूप कठीण आणि २० म्हणजे कमाल. तुमच्या वहीत प्रत्येक फेरीच्या वेळेसमोर हा आकडाही लिहा. ८० सेकंदांच्या फेरीला आज तुम्ही १७ लिहिले आणि महिन्याभराने त्याच फेरीला १५ लिहिले, तर एकूण वेळ जशीच्या तशी असली तरी प्रगती झालेली आहे. घड्याळात ती नंतर दिसेल.

उत्तर : घाटवाट

मी धावपटू नाही. कसारा घाटात सायकल चालवणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे पाच मिनिटांच्या धावेबद्दल अधिकाराने बोलणार नाही, पण एक मुद्दा मांडावासा वाटतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत स्वारासोबत मागे गाडी आणि मदतनीसांचे पथक असावेच लागते. कधी खायचे, किती झोपायचे, कुठे थांबायचे, हे निर्णय बऱ्याच अंशी ते पथक घेते, कारण झोपेविना दमलेल्या माणसाचा निर्णय भरवशाचा राहत नाही, हे सर्वांना आधीच मान्य असते. आम्ही घाटात साधेपणाने हेच पाळतो. कुठल्या वळणावर पाणी प्यायचे, कुठवर थांबायचे नाही आणि काय झाले तर बिनदिक्कत परत फिरायचे, हे इगतपुरीहून खाली उतरण्याआधीच ठरते. चढ चढताना त्यावर पुन्हा वाद घालायचा नाही. तुम्हीही तिसऱ्या फेरीचा निर्णय तिसऱ्या फेरीत घेऊ नका. बूट बांधताना तो घेऊन टाका.

उत्तर : मखमलाबादकर

घाटवाट यांनी 'काय झाले तर परत फिरायचे' असे लिहिले, त्याचा तपशील देणे मला डॉक्टर म्हणून आवश्यक वाटते. मन आणि शरीर यांची चर्चा वाचून कोणी शरीराच्या खऱ्या इशाऱ्यांनाही मनाचा कमकुवतपणा समजू नये, ही माझी कळकळ आहे. भरतीच्या काळात असे रुग्ण पाहिलेले असल्याने ती जरा जास्तच आहे.

धाप लागणे, मांड्या पेटणे, पाय जड होणे आणि 'थांबावे' असे वाटणे ही जोरकस व्यायामाची अपेक्षित लक्षणे आहेत. निरोगी तरुणाने टप्प्याटप्प्याने सराव वाढवला असेल तर त्यांना घाबरण्याचे कारण नाही. याउलट छातीत दाब किंवा कळ येणे, ती जबड्याकडे अथवा हाताकडे जाणे, हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याची जाणीव होणे, धावता धावता डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच पावलावर थांबावे आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा धावू नये. घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर जोरकस सराव सुरू करण्याआधीच हृदयाची तपासणी करून घ्यावी.

दुखण्याच्या बाबतीत जागा महत्त्वाची असते. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील आणि सरावानंतर एक ते तीन दिवसांत ते ओसरत असेल, तर ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे आहे. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, ते धावताना वाढत असेल आणि पुढे रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर पडत असल्याची शक्यता असते. भरतीच्या मुलांमध्ये आणि जवानांमध्ये हे सर्रास आढळते. अशा हाडावर मन घट्ट करून धावले की ते तुटते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे संध्याकाळपर्यंत जमीन तापलेली असते. धावणारा मुलगा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. मिळेल त्या थंड पाण्याने त्याला तिथेच भिजवून, वारा घालून आधी थंड करावे. पहिल्या काही मिनिटांत शरीर थंड करण्यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

एक गोष्ट जिममध्ये जाणाऱ्यांसाठी. बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर कोणाच्या तरी पैजेवर शेकडो बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तो स्नायू विघटित होऊन त्यातील मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरत असल्याचा इशारा असतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असे रुग्ण बहुधा मनाने कच्चे नसतात. उलट फार जिद्दीचे असतात.

दत्तू भोकनळ यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण ते राष्ट्रीय संघासोबत, आयुष्यातल्या मोठ्या स्पर्धेत होते. त्यांचे उदाहरण रोजच्या सरावाला लावू नये. अंगात ताप असताना जोरकस धावल्यास विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो. ताप उतरून अंगात पुरती ताकद येईपर्यंत विश्रांती घ्यावी.

उत्तर : कळवणची लेक

मीही भरतीचीच तयारी करत आहे. आम्हा मुलींना ८०० मीटर असते, त्यामुळे सिडकोकर दादांची तिसरी फेरी म्हणजे माझे तिसरे दोनशे मीटर. त्याबद्दल मला उपयोगी पडलेली एक गोष्ट लिहिते.

धावताना मनात काहीतरी बोलणे चालूच असते, आणि आपण ते ठरवले नाही तर ते आपोआप 'नको, पुरे' या शब्दांवर येते. आमच्या प्रशिक्षकांनी मला एका कागदावर, सरावात मनात येणारी वाक्ये जशीच्या तशी लिहायला लावली आणि प्रत्येकासमोर माझ्याच बोलीतले उत्तर लिहायला सांगितले. 'धाप लागली' यापुढे मी लिहिले, 'लागू दे, हात हलव.' 'अजून केवढं राह्यलंय' यापुढे लिहिले, 'त्या खांबापर्यंत चल.' दुसऱ्यांची जोशपूर्ण वाक्ये पाठ करून पाहिली होती, पण दम लागल्यावर ती आठवतच नाहीत. घरात बोलतो ते शब्दच तोंडात येतात. आणि वाक्य एवढे लहान हवे की दोन श्वासांत बसले पाहिजे. 'हात हलव' याचा फायदा असा की त्यात करण्यासारखे काहीतरी असते. दमल्यावर माझे खांदे कानांपर्यंत चढतात आणि मुठी आवळल्या जातात. हातांकडे लक्ष गेले की खांदे खाली येतात आणि श्वासही मोकळा होतो.

उत्तर : गोदातीर

ताई, आपण लिहिलेल्या पद्धतीला प्रयोगाचा आधार आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला दोन आठवडे अशीच, स्वतः निवडलेली वाक्ये व्यायामात वापरायला शिकवले. काही वाक्ये मधल्या टप्प्यासाठी होती आणि काही शेवटासाठी. तो गट थकून थांबेपर्यंत सायकल चालवण्याच्या चाचणीत आधीपेक्षा १८ टक्के अधिक वेळ टिकला आणि चाचणीच्या मध्यावर त्यांना श्रमही कमी जाणवले. दुसऱ्या गटात फरक पडला नाही. वाक्ये आधी लिहून, सरावात मुरवून घ्यावी लागतात. ऐन चाचणीच्या दिवशी सुचलेले वाक्य कामी येण्याची शक्यता कमी असते.

सिडकोकर

सर्वांचे मनापासून आभार. पहिली फेरी आणि दुपारचा अभ्यास यांचा तिसऱ्या फेरीशी इतका जवळचा संबंध असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. मंगळवार आणि शुक्रवार हे जोरकस सरावाचे दिवस मी सकाळी साडेपाचला ठेवतो. घरी बोलून तेवढी मोकळीक मिळवली आहे. कळवणच्या ताईंप्रमाणे कागदही लिहायला घेतला आहे. डॉक्टरसाहेब, नडगीचे आपण लिहिलेले वाचून आमच्या गटातील एका मुलाला मी आजच दाखवून येण्यास सांगितले, कारण तो गेले काही दिवस अगदी तसेच वर्णन करत होता.

'मैदानावरचा' सर, एक शंका उरते. पहिल्या दोन फेऱ्या ८० सेकंदांत धावूनही तिसऱ्या फेरीत तोच विचार आला, तर त्या वेळी नेमके काय करावे?

उत्तर : मैदानावरचा

विचार येणारच, तो येऊ नये अशी अपेक्षा ठेवू नका. तो आला की आधी डॉक्टरांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी काही आहे का, एवढेच एकदा तपासा. नसेल, तर वेग वाढवू नका आणि कमीही करू नका. पुढच्या वळणाच्या सुरुवातीपर्यंत आहे त्याच लयीत हात हलवत राहा. ते अंतर शंभर मीटरचे, म्हणजे तुमच्या वेगाने वीस सेकंदांचे आहे. तिथे पोहोचल्यावर पुन्हा ठरवा. बहुतेक वेळा तिथवर श्वास बसलेला नसतो, पण विचाराचा जोर ओसरलेला असतो.

तरीही फेरी ८६-८७ सेकंदांची झाली, तर त्या दिवशी शेवटची फेरी जीव खाऊन धावून भरपाई करू नका, नाहीतर शेवटासाठी राखून ठेवण्याची सवय पुन्हा पक्की होईल. पुढील तीन आठवडे पूर्ण १६०० मीटरची चाचणी घेऊ नका. ८०० अधिक ४०० चा सरावच चालू ठेवा आणि मित्राला ८०० मीटरची वेळ हाक मारून सांगायला लावा. ती २ मिनिटे ३८ सेकंदांच्या आत आली, तर पुढचे ४०० मीटर त्या दिवशी धावायचेच नाहीत, असे त्याला बजावून ठेवा.